नाही म्हणायला

तुर्कूच्या इस्पितळात, तळघरातल्या खोलीत
नोव्हेंबरची दुपार तीनलाच विझते.
तुइरे हाक्काराइनेन, निवृत्त परिचारिका,
चष्मा पुसते आणि पडद्यावर पुढची नोंद उघडते:
ताप नाही. खोकला नाही. छातीत दुखत नाही.
पिवळ्या रंगाने ती प्रत्येक 'नाही'ची हद्द आखते,
इथून सुरू,
इथे संपला.

यंत्राला नन्नाचा पाढा शिकवायचाय.
ओत्सोने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं
(वय एकोणतीस, पायात लोकरीचे मोजे, बूट दाराबाहेर):
"'नाही' सापडणं सोपं.
त्याची सावली कुठवर पडते, ते अवघड."
म्हणजे, सूज नाही पण वेदना आहे.
'पण'पाशी सावली तुटायला हवी.
यंत्र तोडत नाही, वेदनाही पुसून टाकतं,
आणि कुणा सुताराचा गुडघा
यादीत ठणठणीत बरा होतो.

तुइरेच्या भाषेत 'नाही' हे क्रियापद,
माणसागणिक रूप बदलणारं.
मी घातलेला नकार वेगळा, तुझा वेगळा, त्यांचा वेगळा.
(आपल्याकडेही, 'नाहीस' म्हणायला
समोर कुणीतरी असावंच लागतं.)

कर्करोग नाकारता येत नाही.
इथे यंत्र दोन नकार मोजतं,
शाळेतल्या गणितासारखा त्यांचा होकार करतं
आणि लिहून मोकळं होतं: कर्करोग आहे.
"नाही रे बाबा," तुइरे पडद्याला म्हणते,
"आहे असंही नाही.
अशा वाक्यात सोमवारपर्यंत बसून राहायचं असतं."
ओत्सो त्यासाठी तिसरा रंग देतो. राखाडी.

नोंद चार हजार एकशे बारा.
जुनी, हाताने लिहिलेली, मागाहून टंकलेली.
वॉर्ड सहा, फेब्रुवारी १९८६.
नावं सगळी काळी केलेली,
खाली आद्याक्षरं तेवढी राहून गेलेली: तु. हा.

रुग्णाला नातेवाईक नाहीत.
भेटायला कोणी येत नाही.
रात्री तक्रार नाही.

यंत्राने आधीच रंगवून ठेवलंय.
नातेवाईक: अभाव. भेटणारे: अभाव. तक्रार: अभाव.
खात्री नव्व्याण्णव टक्के.
चूक काढायला कुठे जागा नाही.

तिला तो आठवतो. गोदीतला वेल्डर,
डाव्या हाताला तीनच बोटं.
आणि नाही म्हणायला
एक बाई यायची,
बेकरीतली पाळी संपली की, भेटीची वेळ टळून गेल्यावर,
मागच्या जिन्याने.
कोटाला वेलदोड्याचा वास.
तुम्ही यांच्या कोण, असं विचारलं तर म्हणायची,
कोणी नाही.
मग कोणी नाही खुर्ची ओढून बसायची.
कोणी नाही त्याची नखं कापायची, आठही बोटांची,
कापलेली नखं रुमालात बांधून न्यायची.
एकदा कोणी नाही खुर्चीतच झोपली
आणि तुइरेने दिवा मालवला.

ते तिने लिहिलं नव्हतं.
नियमात बसत नव्हतं, वर मोठ्या सिस्टरचा धाक.
शिवाय 'येत नाही' लिहायला
एकच ओळ पुरायची.

"काही अडलंय?" ओत्सो दारातून विचारतो.
"काही नाही."
त्याला पटतं. यंत्रालाही पटलं असतं.
तो कॉफी आणायला वर जातो,
जिन्यावर त्याचे मोजे वाजत नाहीत.

पिवळी हद्द ती तशीच ठेवते, बरोबर आहे ती.
पडद्याच्या कडेला शेऱ्याची एक चौकट आहे,
चाळीस अक्षरांची,
यंत्र ती वाचत नाही हे तिला माहीत आहे.
ती टंकते: भेटणारे, एक.
पुसते.
पुन्हा टंकते.